अकराव्या कागदावरची सही

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
अपघाती मृत्यू चौकशी शाखा,
पोलीस मुख्यालय.

विषय : शाळेच्या कारकुनांच्या पत्नीच्या मृत्यूप्रकरणी अर्जदाराच्या नावे असलेला जबाब रद्द करून चौकशी पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : सदर जबाब, दि. १४ नोव्हेंबर.

महोदय,

१. अर्जदार गेल्या सप्टेंबरपासून येथील मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती या देशात आली तेव्हा तिला येथील भाषेचे एक अक्षर वाचता येत नव्हते. हा अर्ज तिने स्वतःच्या भाषेत लिहिला असून शपथबद्ध भाषांतर सोबत जोडले आहे.

२. परक्या मुलखात माणसाआधी कागद लागतो. गॅसची जोडणी, बँकेचे खाते, रहिवासी कार्ड, कोणत्या वारी कोणत्या पिशवीत कचरा ठेवायचा त्याचे हमीपत्र, हे सारे शाळेच्या कारकुनांनी केले. त्यांना कामापुरते इंग्रजी येते. खोलीही त्यांनीच मिळवून दिली, त्यांच्या घराला लागून, भिंतीला भिंत. ते कागद पुढे ठेवत, "इथं, बाई" म्हणून बोट दाखवत आणि अर्जदार सही करी. एवढी शिकलेली असून आपण अंगठेबहाद्दर झालो, याचे तिला तेव्हा हसू येई.

३. दि. १४ नोव्हेंबर रोजी मधल्या सुट्टीत त्यांनी चौदा कागद आणले. त्यांची पत्नी आदल्याच दिवशी रुग्णालयात वारली होती. घरात एवढे दुःख असताना हा माणूस आपल्या कामासाठी धावतो, या विचाराने अर्जदाराचे डोळे भरून आले. तिने चौदाही सह्या उभ्याउभ्या केल्या.

४. चालू महिन्यात कार्डाच्या नूतनीकरणासाठी अर्जदाराने आपली फाईल मागवली. एव्हाना ती येथील भाषा बऱ्यापैकी शिकली आहे. अकरावा कागद वाचताना तिला दोनच शब्दांसाठी कोश उघडावा लागला. त्यात लिहिले आहे की, दि. ११ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता शेजारीण माळ्यावरची ट्रंक काढताना शिडीवरून पडली व अर्जदाराने ते समक्ष पाहिले. त्या वेळी अर्जदार सातवीच्या वर्गावर होती. तिने काहीही पाहिलेले नाही. हजेरीपटाची प्रत जोडली आहे. मूळ हजेरीपट कारकुनांच्याच कपाटात असतो, तरी तो तातडीने ताब्यात घ्यावा.

५. अर्जदाराने ही गोष्ट मुख्याध्यापिकांच्या कानावर घातली. त्या म्हणाल्या, "आधी कार्डाचं होऊ द्या. गेलेली बाई काही परत येत नाही." दुसऱ्या दिवशी कारकून नूतनीकरणाचे कागद घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी बोट ठेवले. अर्जदार म्हणाली, "वाचून देते." त्यांनी बोट मागे घेतले. मग म्हणाले, "वाचता येतं आता?" "येतं." त्यांनी कागद उचलले, कडा जुळवल्या आणि ते निघून गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. अर्जदार घरी जाताना ते पाय आखडून घेतात, एवढेच. कार्डाची मुदत दि. २८ रोजी संपते आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय ती वाढत नाही.

६. पुढील मजकूर लिहिण्यास हात धजत नाही, तरी लपवणे योग्य नाही. भिंतीपलीकडून आवाज येत. कोणी कपाट सरकवत असेल, अशी अर्जदाराने समजूत करून घेतली होती. रोज रोज कपाट कोण सरकवतो, हे तिने स्वतःला विचारले नाही. कारकुनांच्या पत्नी दुपारी दाराशी येत आणि चार-चार शब्द इंग्रजी शिकत. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या कपाळावर खोक घेऊन आल्या व शिकलेले शब्द जुळवून म्हणाल्या, "त्याने मला पडले." 'पाडणे' हा शब्द अर्जदाराने त्यांना अद्याप शिकवला नव्हता. अर्जदार म्हणाली, "असं म्हणत नाहीत. 'मी पडले' असं म्हणा." बाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग शहाण्या मुलीसारखे त्यांनी ते तीनदा म्हटले आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर त्या शिकायला आल्या नाहीत.

७. तरी विनंती की, अर्जदाराचा खोटा जबाब रद्द करावा व मुदत संपण्यापूर्वी तिला बोलावून नवा जबाब घ्यावा. न वाचता सही केल्याबद्दल जी शिक्षा असेल ती तिला मान्य आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवू नये, तेथील टपाल कारकून उघडतात. अर्जदार रोज चार वाजता आपल्या कार्यालयाच्या बाकावर येऊन बसेल. नव्या जबाबात त्या बाईंचे वाक्य त्या बोलल्या तसेच, व्याकरण न सुधारता, लिहून घ्यावे.

आपल्या बोलावण्याच्या प्रतीक्षेत,
अर्जदार
(सही)
इंग्रजी शिक्षिका
दि. १९ फेब्रुवारी

सोबत : १) शपथबद्ध भाषांतर. २) जबाबाची प्रत. ३) हजेरीपटाची प्रत, दि. ११ नोव्हेंबर.