बारावीच्या घरातले हेडफोन

३ डिसेंबर १९९६, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

बरोबर या वेळेला सुमंतनं माझा रेडिओ बंद केला. बटण फिरवून नव्हे — भिंतीतली पिनच उपटली! सांगली केंद्रावर नाट्यपद नुकतं कुठं रंगात आलं होतं. "आई, सईची बारावी आहे. घरात आवाज नकोय." माझाच मुलगा, आणि सूर होस्टेलच्या मेट्रनचा. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर असताना आमची मेट्रन तरी आधी दारावर टकटक करायची.

या घरात बारावी म्हणजे सुतक. केबल तोडली. पाहुण्यांना मनाई. फोनवर उशी. मला मात्र सांगलीहून मुद्दाम उचलून साताऱ्यात आणलं. "आम्ही दोघं नोकरीला, सईजवळ कुणीतरी हवं. परीक्षा झाली की तुम्ही मोकळ्या," असं शरयू म्हणाली होती. सुनेनं प्रथमच काहीतरी मागितलं, म्हणून आले. विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांना कुलूप, किल्ली शेजारच्या चंदनबालाकडे. कुंड्यांना पाणी तीच घालते. मार्च संपला की मी माझ्या घरी. तोवर निदान गाणं तरी!

५ डिसेंबर

सुमंतनं हेडफोन आणून दिले. उपकाराच्या चेहऱ्यानं. वॉकमनबरोबर मिळतात तसले — तारेची कमान, टोकांना स्पंजच्या चकत्या. लावून पाच मिनिटं झाली नाहीत तोच शरयू दारात. "आई, बाहेर ऐकू येतंय हो. डास गुणगुणल्यासारखं."

आवाज कमी केला तर गाण्याऐवजी तिचा मिक्सर ऐकू येतो. मिक्सरला बारावी नसते!

६ डिसेंबर

स्पंजमधून आवाज आत येतो तसाच बाहेरही जातो. मला कान पुरते झाकणारे हवेत, पाठीमागून बंद. चारशेच्या आत. पेन्शन माझी आहे, पण इथं तिच्यावर सगळ्यांची नजर असते.

सुमंत म्हणाला, "आई, या वयात सगळे हेडफोन सारखेच." मूर्ख! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडसेट लावून काढली मी. ट्रंक कॉलवर कोण रडून आलंय आणि कोण खोटं बोलतंय, हे "हॅलो"वरून कळायचं. मला माणसाचा गळा ऐकायचा असतो. तबला मागं असावा, पेटी बाजूला. आणि ‘स’ आला की कानात सुई टोचता कामा नये.

९ डिसेंबर

दुपारी सई झोपली तेवढ्यात राजपथावर गेले. लालासाहेबांचं रेडिओचं दुकान. फौजेतून आलेले, मिशी अजून ड्यूटीवर. मी माझी कॅसेट आणि टू-इन-वन रेडिओ पिशवीतून काढला, तर बघतच राहिले.

"आवं बाई, इथं हाय की वाजवायला. ह्यो बगा, डबल बास! छाती हादरंल."

"माझी छाती शाबूत राहू द्या. गळा ऐकवा."

पहिला जोड — ढोल बडवावा तसा डग्गा, गाणारा बिचारा विहिरीत पडल्यासारखा. दुसरा उलटा. नुसतं वरचं टोक. साताऱ्यात सांगली केंद्र आधीच खरखरतं. त्या हेडफोनात ती खरखर म्हणजे पत्र्यावर गारा. लालासाहेब म्हणाले, "लय क्लिअर हाय!" चाकूही क्लिअर असतो.

तिसरा चांगला होता, पण कमान थेट अंबाड्यावर बसायची. खाली सरकवली की चष्म्याच्या काडीजवळ फट पडायची, आणि त्या फटीतून गाण्याचा सगळा भरीवपणा निघून जायचा. हे हेडफोन बनवणाऱ्यांना आई नसतेच वाटतं.

शेवटी त्यांनी वरच्या फळीवरून एक काळा, जाडजूड जोड काढला. कुठल्याशा शाळेनं इंग्रजी उच्चार शिकवायला मागवला आणि नेलाच नाही. "ह्यात बास न्हाई बगा. कुनी घेत न्हाई." गाद्या मऊ, चष्म्यावरून नीट बसणाऱ्या. कमान रुंद, अंबाडा जरा खाली बांधला की झालं. कॅसेट लावली — आणि गळा समोर! श्वास घेतलेला कळला. ‘स’ मऊ.

गळती तपासायला हेडफोन लालासाहेबांच्या कानाला लावले आणि शेजारी उभी राहिले. काही ऐकू येईना. लालासाहेब मात्र भर दुकानात ओरडले, "ब्येस हाय की वो बाई!" रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायला लागले.

जाड पिनेला बारीक जोडणी लावून चारशेच्या आत बसलं. आज मी जिंकले.

१० डिसेंबर

सकाळी सात दहा. पद पूर्ण ऐकलं.

२ जानेवारी १९९७

घरात सगळे माझ्यावर खूश. हेच खटकतंय. पूर्वी शरयू चहाला हाक मारायची. आता कप शेजारी ठेवून जाते. सुमंत ऑफिसमधून आला की माझ्याकडे बघून हात हलवतो, गाडीतल्या माणसाला हलवावा तसा. सई तेवढी खांदा हलवून विचारते, "आजी, काय ऐकतेस?"

गळती होणार नाही असे हेडफोन मीच निवडले. आता मीच आत आहे आणि झाकण बाहेरून बसलंय.

२८ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी वीज गेली. रेडिओ बंद — आतले सेल कधीच संपलेत, पण ते फक्त मलाच ठाऊक. हेडफोन काढले नाहीत — थंडीत कानांना बरे वाटतात. जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावून ती दोघं बोलत होती, माझ्यापासून चार हातांवर.

"शनिवारी आईच्या घराचा ताबा द्यायचाय. साहेबांचा मेहुणा सामान घेऊन थेट सांगलीला येणार."

"आणि आई?"

"परीक्षेनंतर सांगू. आत्ता कशाला तमाशा? सई आत अभ्यास करतेय."

"किल्ली दिली चंदनबालाताईंनी?"

"आईनंच मागितलीय म्हटलं. लगेच दिली. साहेबांना नाही कसं म्हणणार, शरयू? प्रमोशन त्यांच्या हातात आहे."

"अहो, हळू..."

"तिला काय ऐकू येतंय!"

गाद्यांमधून आवाज दबून येत होता. पण एकतीस वर्षं मी याहून वाईट लाइनी ऐकल्यात. शब्द न् शब्द कळला. ओरडावंसं वाटलं. पलीकडे सई मोठ्यानं केमिस्ट्री पाठ करत होती. ओरडले असते, तर तिचे मार्क मी घालवले असं जन्मभर ऐकावं लागलं असतं. या घरात मला भांडायचीसुद्धा सोय नाही!

मी मान डोलवत राहिले. जणू गाणं चालूच आहे.

२९ जानेवारी, बुधवार

सुमंत — हे पान फाडून तुझ्या ताटाखाली ठेवते आहे. माझ्या घराची किल्ली परत कर आणि साहेबांच्या मेहुण्याला घर मिळणार नाही असं कळव. नाहीतर शनिवारी सकाळी सहाच्या एसटीनं मी सांगलीला जाते. त्याच्यासमोर कुलूपवाल्याकडून कुलूप तोडून घेईन आणि दारात खुर्ची टाकून बसेन. सईला मी स्वतः समजावेन. काय करणार ते मला लेखी कळव. शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी सहाच्या आत. तोंडी नको. घरात बारावी आहे.