दोनशे बारा नंबरचा खोकला

२० जानेवारी

चि. चिमणीस,

काकाचे पोटभर आशीर्वाद. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र.

तुमच्या यंत्राला खोकल्यावरून आजार ओळखायला शिकवताना खरं काय काय लागलं, ते तुमचं काम बघून परतताना गाडीत मांडून पाहिलं. दोन वर्षं, नऊ माणसं, हजारभर खोकले, आणि डॉक्टरीणबाई व संगणकवाले यांचं एकमेकांशी न बोलणं. शेवटचं सगळ्यात महाग पडलं.

बाई दोन खोकल्यांमधला श्वास ऐकून आजार सांगणार, आणि संगणकवाले तीच जागा रिकामी समजून कापून टाकणार. मध्ये एक जिना. दोन वर्षांत तो कुणी चढलं नाही. पंपाचं दुखणं तो थांबताना कळतं, एवढंच मी म्हणालो, तेव्हा कुठे दोघं एकमेकांशी बोलायला लागले. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेत, पोरी. रस्त्यापलीकडची मोटर कुठे घासतेय ते बसल्या जागी सांगतो. माझ्या कानाला फसवील असं यंत्र अजून बनायचंय.

निरोगी माणसं कमी पडत होती म्हणून काकूने खोकून दिलं, ते ती शेजारीपाजारी सांगत फिरतेय. तक्रार एकच, मला दोनदा हाक मारावी लागते. मी म्हणतो, पहिल्या हाकेत नवीन काही नसतं.

वेळेवर जेवत जा, आणि आम्हा दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका

८ जुलै

ती. काका आणि काकू,

आधी दोघांना वाकून नमस्कार, मग बातमी.

कापलेले श्वास परत जोडायला सहा महिने गेले, पण यंत्र सुधारलं. संगणकवाले सर आता रोज जिना चढतात. डॉक्टर मॅडम त्यांच्यासाठी चहा थांबवतात, आणि साखरेवरून भांडतात.

एका ठिकाणी मात्र अडलंय. दोनशे बारा नंबरचा खोकला आमच्याकडे निरोगी म्हणून लिहिलाय आणि यंत्र दरवेळी आजारी म्हणतं. सर म्हणाले, यंत्राची चूक आहे, तो खोकला काढून टाकू. मॅडमनी विचारलं, या माणसाला तपासलं कुणी? तेव्हा कळलं, कुणीच नाही. शनिवारपर्यंत पन्नास निरोगी हवे होते, म्हणून सरांनी ओळखीची माणसं घेतली. त्यांना वाटलं, मॅडम नंतर तपासतील. मॅडमना वाटलं, तपासूनच आलीत.

नावं कायदेवाल्या ताईंच्या कुलपात आहेत. उघडायला समितीची परवानगी लागते, म्हणजे सहा आठवडे. मॅडम म्हणाल्या, तोवर काकांचा कान लावून बघू. सोबत पेनड्राइव्ह आहे. ऐकून लगेच कळवा.

राग आला तरी लोभ असाच ठेवा.

तुमची चिमणी

१४ जुलै

चिमणे,

समितीला सांग, कुलूप राहू दे.

दुसऱ्या खोकल्यानंतर बारीक टक्‌ असा आवाज येतो. तुम्ही त्याला खरखर समजला असाल. अवघडली की काकू चष्म्याची दांडी दाताला लावते, तो हा आवाज.

ती ठणठणीत आहे असं मी सांगितलं आणि तू फॉर्मवर लिहिलंस. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिला विचारलं, तर म्हणाली की गेल्या थंडीपासून जिन्यावर दम लागतो, तुम्हाला दोन-तीनदा बोलले होते.

सोमवारी तिला घेऊन येतो. मॅडमना आधी सांगून ठेव.

काका

३ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

आशीर्वाद.

काकू जाऊन काल महिना झाला. दुकान उघडलं, पण हात चालत नाहीत.

सरांचं आणि मॅडमचं पत्र एकाच पाकिटात आलं. दोघांनीही चूक आपलीच म्हटलंय. जानेवारीत तपासलं असतं तर उपाय होता, हेही मॅडमनी लपवलं नाही. बरं वाटलं. त्यांना सांग, आता चुकीच्या वाटणीवरून भांडू नका, रोज जिना चढा म्हणजे झालं. दोनशे बारापुढचा निरोगी हा शब्द बदललात, तेही ठीक. फक्त तो खोकला काढू नका, आणि त्यातला टक्‌ पुसू नका. एक प्रत मला पाठव.

येत-जात राहा. आता या घराला तुझ्या मायेचाच आधार आहे.

तुझा काका

ता. क. काकूला दाखवायला आलो, तेव्हा मॅडमनी माझेही कान तपासवून घेतले होते, ते तुला सांगायचं राहिलं. उजवा जवळजवळ गेलाय, आठ-दहा वर्षं तरी झाली असावीत. काकू माझ्या उजव्या अंगाला झोपायची.