उजव्या बाजूने हाक मार

लातूर, १८ मे २०१४

प्रिय अजीज,

दुसऱ्यांची घरं पाडून स्वतःचं घर चालवणारा तू माझा एकमेव सज्जन मित्र. नांदेडात तुझे हातोडे सुखरूप पडत असतील. आमच्या सुकन्येला महिनाभर तुझ्या साइटवर कामाला यायचंय. एवढंच सांगायचं तर फोन पुरे होता. पण संस्कृतचा मास्तर आहे मी, मुद्द्याआधी मंगलाचरण लागतंच. शिवाय हे पत्र तीनदा फाडून झालंय.

इथे ऊन आणि क्लासेस दोन्ही वाढतेच आहेत. गल्लीतल्या दर तिसऱ्या भिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. माझा विषय पोरं घेतात तो पैकीच्या पैकी पडतात म्हणून. तेव्हा मी पंडित कमी आणि गुण वाटणारा रेशन दुकानदार जास्त. सुकन्येच्या क्लासात रविवारी परीक्षा आणि सोमवारी गुणांप्रमाणे बाकं. दिवाळीत पहिल्या रांगेत बसणारी पोर मार्चपर्यंत मागच्या भिंतीला टेकली. ती म्हणते तिथे बरं वाटतं, भिंत तरी जवळ आहे.

हा भिंतींचा नाद तूच लावलास. दिवाळीत आम्ही आलो तेव्हा तू कापसाची जुनी जिनिंग मिल पाडत होतास आणि कॉलेजची चार पोरंपोरी तुझ्या हाताखाली होती. मी चेष्टा केली की अजीजमियांनी गुरुकुल काढलं. पण तुझी रीत मी नीट बघितली होती. पहिले दोन दिवस नुसती भिंत ठोकून ऐकायची, मग दोन दिवस मोजमाप, दोन दिवस गजांचं काम, मग इंजिनिअरच्या टेबलाशी. मजुरी पहिल्या दिवसापासून. आणि शेवटी एकच प्रश्न, "यातलं काय नको वाटलं?" एक पोरगा धुळीला कंटाळून तिसऱ्याच दिवशी निघाला, तर त्याला चहा पाजून म्हणालास, "हाव, जा बेटा. चार वर्षं वाचली तुझी." मग सुकन्येच्या हातात हातोडी दिलीस. "ठोक अन् सांग." तिने तिन्ही पोकळ जागा बरोबर सांगितल्या. तेव्हापासून ती घरात दिसेल ते ठोकते, भिंत, कपाट, माझी पाठ. सिंधु म्हणाली, "बापाचं डोकं तेवढं ठोकू नको गं, पोकळ निघालं तर मला चाळीशीत कळायचं."

ती टक टक मला ऐकवत नाही, हे मात्र मी दोघींनाही कधी सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या रात्री विसर्जन उरकून गाव झोपलं होतं. तुम्ही गवंडी शाळेच्या कामावर, पत्र्याच्या शेडात होतात म्हणून वाचलात. आमच्या हातहातभर रुंद दगडमातीच्या भिंती आमच्यावर आल्या. उजाडलं तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत दगडांत, तोंडात माती, आणि शेजारी आई. तिचे केस माझ्या ओठांना लागत होते. वरून टक टक आली. मी डाव्या हाताने खडा मारून उत्तर दिलं. आईच्या बाजूला तू किती वेळ ठोकत राहिलास! तिकडून काही आलं नाही. सरपंच आप्पासाहेबांनी तुळईला ट्रॅक्टर जोडला तेव्हा तुझा आवाज फाटला, "खेचू नका! आख्खी बसंल खाली. आधी ऐका, भिंत सांगून राहिली!" त्यांनी ट्रॅक्टर चालू केला. तू फावड्याच्या दांड्याने त्यांच्या तोंडावर हाणलंस, दोन दात पडले, आणि ज्यांची माणसं आत होती त्यांनीच तुला खाली पाडून तुडवलं. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, तसाच परत येऊन तू दगड उपसायला बसलास. एकेक. चार तास. छावणीतला डॉक्टर माझा हात कापायला निघाला तर म्हणे त्याच्या हत्यारांच्या पेटीवरच बसलास. तो हात राहिला. त्याच हाताने मी वीस वर्षं फळ्यावर रूपं लिहिली.

आता मंगलाचरण संपलं. गेल्या मंगळवारी सुकन्येने निकाल दाखवला, एकशेऐंशीपैकी एकतीस, आणि म्हणाली, "बाबा, डॉक्टर होणारच नाही असं कुठं म्हणू लागले मी? ठरवायच्या आधी बघायचंय. एक महिना अजीजचाचाकडं, एक महिना कुठल्या तरी दवाखान्यात. मग सांगते." इतकं शहाणं वाक्य मी उभ्या नोकरीत ऐकलेलं नाही. मी क्लासची पुस्तकं तिच्या अंगावर फेकली. ती मुकाट्याने उचलू लागली. ते मुकाट्याने उचलणं मला सोसलं नाही. मी तिला मारलं. एकदा नाही. ती कपाटावर आदळली, सिंधु मध्ये पडली, तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं, तरी हात थांबेना. सुकन्येच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, बहुधा भरून येईल. बहुधा. सोळा संस्कारांत कर्णवेधही असतो, असं काहीतरी मी दवाखान्यात बडबडलो. सिंधु सुकन्येला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर विनोद केले ते या पत्रातच. ज्या हातासाठी तू तुडवून घेतलंस, तोच हा हात, अजीज. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, तिला बघून नव्हे. परवा सकाळच्या बसने त्या दोघी येतील. मी येणार नाही. तसं सुकन्येनेच सांगितलंय. शहजादीभाभींना निरोप दे. पाडकामाच्या जवळ नेऊ नकोस, बाकी तिला इतर पोरांसारखंच ठेव आणि शेवटी तुझा तो प्रश्न विचार. उत्तर मला कळवू नकोस. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. काल ती स्वयंपाकघराची भिंत ठोकत होती, मान पूर्ण वळवून, उजवा कान भिंतीला लावून. मी दारात उभा होतो ते तिला कळलंच नाही. साइटवर वरून काही येत असेल तर डावीकडून ओरडू नकोस. उजव्या बाजूने हाक मार.

तुझाच,
शिवप्पा