देवीच्या नावे केलेली वाट

मी, पेमी, कै. वागाराम देवासी यांची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, राहणार देवासींची ढाणी, जिल्हा जैसलमेर, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे सांगत आहे. दडपण आणायला माणसे आली होती; त्यांना चहा पाजून परत पाठवले. मला लिहिता येत नाही. शाळेचे मास्तर हरीश पुरोहित लिहीत आहेत. मी कुठे थांबले तर त्यांनी मध्ये शब्द घालायचा नाही, असे ठरले आहे.

१. राहते घर मुलगा करणाराम याला द्यावे. पूर्वेची खिडकी मी विटांनी बुजवली आहे, ती सुनेने उघडू नये. सकाळचे ऊन सौरपट्ट्यांवरून उलटून आत येते आणि डोळ्यांना अंधारी आणते.

२. सांडण्या, जेवढ्या उरतील तेवढ्या, मुलगी डाली हिला द्याव्यात. पूर्वी त्या देवीच्या ओरणात चरत. ती देवराई होती, तिची काटकीसुद्धा कोणी तोडत नसे. कागदावर मात्र ती पडीक निघाली आणि सौरविजेच्या कंपनीला मिळाली. एका हिवाळ्यात खेजडीची झाडे मुळासकट काढून खड्ड्यांत पुरली. तळेही कुंपणाच्या आत गेले. अजून संध्याकाळी सांडण्या कुंपणाशी जाऊन तळ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. डालीने त्यांना मारून हाकलू नये, आपणहून परततात. वरच्या विजेच्या तारांना धडकून माळढोक पडायचे. आता पडत नाहीत. उरलेच नाहीत.

३. पतीचे चांदीचे कडे करणारामला द्यावे. यावर डाली चिडेल, म्हणून कारण सांगून ठेवते.

देवीचे स्थान कुंपणाच्या आतच आहे. दर अष्टमीला वागाराम तिथे दिवा लावायला जात. करणाराम कंपनीच्या फाटकावर पहारेकरी, तो गुपचूप आत सोडी. सौरपट्ट्या धुतलेल्या पाण्यावर खाली गवत माजते, गवताला उंदीर येतात आणि उंदरांमागे फुरशी. एका अष्टमीला वागारामना फुरसे चावले. करणारामने त्यांना पाठीवर घालून फाटकापर्यंत आणले. तिथे कंपनीच्या साहेबाने आधी विचारले, याला आत कोणी सोडले? गाडी नंतर निघाली. ते वाटेतच गेले.

पोलिसांपुढे करणाराम म्हणाला, बापू कुंपण कापून आत आले, मी त्यांना पाहिले नाही. तांब्याची तार चोरताना मेला, असे माझ्या नवऱ्याच्या नावापुढे लिहिले गेले. तेरावे झाल्यावर मी त्याला चुलीपाशी बसवून विचारले.

"खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, आई. बापू तर गेलेच होते."

"आणि चोर ठरले ते?"

"मेलेल्या माणसाला कोण पकडायला येणार आहे?"

मी त्याच्या ताटात बाजरीची भाकरी वाढली. शाप दिला नाही. त्याची मुले लहान आहेत, आणि बापाला पाठीवर त्यानेच आणले होते; कडे त्यासाठीच. परंतु त्या दिवसापासून त्याच्या हातचे पाणी मी घेतलेले नाही. मला खांदा त्याने द्यावा. शेवटचे पाणी डालीने पाजावे.

४. दोन कुंपणांच्या मधली जमिनीची पट्टी माझ्या नावे आहे. आसपासच्या ढाण्यांची, वस्त्यांची जनावरे पलीकडच्या रानात जायला एवढीच वाट राहिली आहे. ती करणारामला देत नाही. त्याच्यापुढे उद्या पुन्हा साहेब उभा राहील. डालीलाही देत नाही. तिला सासर आहे, दीर आहेत. ही पट्टी मी ओरणाच्या देवीच्या नावे करते. देवीच्या नावावर जमीन राहू शकते, असे मास्तर सांगतात. तिचा अंगठा धरून कोणी कागदावर उठवू शकत नाही. तिच्या स्थानातला एक दगड आणून या पट्टीत बसवावा. देखरेख डाली व शेजारचे भोमसिंह भाटी यांनी करावी. येथे कुंपण, खांब, भाडेपट्टा काही होऊ नये. कोणत्याही जातीच्या माणसाचे जनावर अडवू नये.

परवा मोजणीवाल्याने याच पट्टीत लाल खुंट्या ठोकल्या. हे काय, म्हणून विचारले.

"काही नाही आजी, नुसत्या खुणा आहेत."

ओरणातही आधी नुसत्या खुणाच होत्या.

५. मी अंधार पडल्यावर घराबाहेर जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मलाही फुरसे चावले असे कोणी सांगू लागले, तर दहनाआधी डालीने माझे पाय नीट पाहावेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. साक्षीदारांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा देते.

साक्षीदार पहिले: भोमसिंह भाटी, आमच्या ढाणीचे शेजारी. सही केली.

साक्षीदार दुसरे: सोनाराम मेघवाल यांनी यायचे कबूल केले होते. दुपारपर्यंत त्यांची वाट पाहिली. त्यांच्या मुलाला काल कंपनीत नोकरी लागल्याचे आत्ता कळले. त्यांच्या जागी हरीश पुरोहित, मास्तर, यांनी सही केली. त्यांच्या बदलीचा हुकूम आज सकाळीच आला आहे.

ठिकाण: देवासींची ढाणी
तिथी: वैशाख वद्य सप्तमी