दोनशे मैलांचा बांध

आखाडा बाळापूर
१५ एप्रिल

चि. ऐश्वर्यास,
सप्रेम जयभीम.

आपण हिंगोलीची माणसं. समुद्राचा विषय निघाला की आपल्याला कोणी विचारत नाही, ही आपली जुनी तक्रार. काल जयंतीच्या सभेत मी तिचं उट्टं काढलं. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल आपले. तिथं मासे चोरताना पकडलेले सात परदेशी तुरुंगात सडले पाहिजेत. बांध कोरणाऱ्याला आपण सोडतो का, असं विचारलं. त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्याला देशद्रोही म्हणालो, तेव्हा टाळ्या थांबेनात. तुझ्या भावानं, रत्नपालनं, व्हिडिओ काढला. शेजारचा दगडोबा मात्र माझ्याकडं बोट दाखवून म्हणून राहिला, की किशनरावानं इसापूरच्या धरणापलीकडं पाणी पाहिलं न्हाई.

तुझ्या जेवणाची आई चौकशी करते.

तुझा बाबा

रत्नागिरी
२२ एप्रिल

ती. बाबांस,
जयभीम.

व्हिडिओ इथे पोचला. घरमालकीण शिलाताईंनी तो मला दाखवला आणि महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. त्या सातजणांचं वकीलपत्र मीच घेतलं आहे. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण तुम्ही आधी बोलता, मग विचारता.

बाबा, ती रेषा बांध नाही. ग्रामपंचायत रस्त्यावरच्या चिंचांचा लिलाव करते, तसं ते आहे. लिलाव दगडोबाकाकांनी घेतला की चिंचा त्यांच्या, रस्ता सगळ्यांचा. दोनशे मैलांपर्यंतचे मासे आणि तळाखालचं तेल आपलं. हद्द मात्र बारा मैलांवर संपते. हे सातजण दीडशे मैलांवर सापडले. चोरी केली, दंड व्हावाच. पण तिथल्या मासेमारीला आपल्याच कायद्यात तुरुंग नाही. एवढंच मी मांडते आहे.

बापालाच तू देशद्रोही वाटतेस तर मी कशी ठेवू, असं शिलाताईंनी विचारलं.

आईला सांगू नका.

तुमची ऐश्वर्या

आखाडा बाळापूर
२८ एप्रिल

चि. ऐश्वर्यास,
जयभीम.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो. आईला सांगितलं. काहून न वाचता बोललात, एवढंच तिनं विचारलं.

जन्मभर पोरांना वाचा म्हणालो, आणि कायद्याची एक ओळ न वाचता सात माणसांना सडवायला निघालो. तुझ्या आजीला, जनकाबाईला, विहिरीवर चढू दिलं नाही, हे मी दरवर्षी मंचावरून सांगतो. तिला हाकलणाऱ्यांनाही अशाच टाळ्या मिळाल्या असतील. मला आरशात पाहवत नाही.

काल त्याच चौकात उभं राहून चूक सांगितली. नऊ माणसं होती. दगडोबा शेवटपर्यंत बसला, एकदाही हसला नाही. रत्नपालनं तेही चित्रित केलं. ते कुणी पुढं पाठवत नाही.

शिलाताई, हे तुमच्यासाठी. मी किशनराव, तिचा बाप. माझी लेक कायद्यानं वागली, खोटं मी बोललो. खोली तिच्याकडं राहू द्या.

ऐश्वर्या, लोभ उरला असेल तर राहू दे. नसला तरी हे पत्र शिलाताईंना आजच मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा