बाजार नसलेला दिवस

प्रिय थोरल्या बाई,

आज मोताळ्याच्या बाजारात तुमचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, म्हणून लिहायला बसले. मान भरून येत होती, म्हणून भाजी संपल्यावर सरकारी दवाखान्यात शिरले. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि म्हणाल्या, "जास्त आहे हो." मी पटकन बोलले, "बाजाराचा दिवस हाये ना. टोपले उचलून आली मी, वाढीनच."

बोलले आणि माझी मीच चरकले. जावाजावांचं आपलं एकाही गोष्टीत कधी पटलं नाही, आणि हे मात्र मी तुमच्याकडून जसंच्या तसं उचललं.

आठवतं? तुमचं डोकं ठणकायचं, तेव्हा मीच तुम्हाला तिथे ओढत नेलं होतं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे, खालचा शंभरच्या. डॉक्टरीणबाईंनी किती नीट समजावलं होतं. एकदा मोजून बीपी आहे असं ठरवत नाहीत, दगदगीनेही आकडा चढतो. वेगळ्या दिवशी या, पाच मिनिटं न बोलता बसा, मग दोन्ही हातांना मोजू. तेव्हाही वरचा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद, नाहीतर त्याहून जास्त निघाला, तर ते बीपीच. त्यातही पायऱ्या असतात, आणि तुमचा आकडा दुसऱ्या पायरीचा दिसतो.

"म्हंजे दोन नंबरचा माल निघाली का मी?" तुम्ही विचारलंत. सगळा दवाखाना हसला, मीसुद्धा. पट्टा फुगत होता तेव्हाही तुम्ही शेजारच्या बाईला वांग्याचा भाव सांगत होतात.

तो वेगळा दिवस काही आला नाही. पुढच्या बाजारीही आकडा वरच, आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "बाजाराचा दिवस हाये ना." आपल्या घरच्या बायका मोताळ्याला जायच्या त्या भाजीच्या गाडीत बसूनच. रिकाम्या हाताने तालुक्याला जाणारी बाई म्हणजे एकतर दुखणेकरी, नाहीतर रिकामटेकडी. कोणी घालून दिलं होतं हे? सासूबाईंनी? त्या गेल्यावर तरी सोडायचं होतं.

मी म्हटलं होतं, "उद्याच जाऊ ना बाई, मी येते संग."

"काऊन? थोरली खाटेवर पडली म्हणून लोकायले दाखवाचं हाये का?"

गावात मोजायला आशाताई यायची, तेव्हा तुम्ही वावरात. मला तुमचा राग येतो. अजूनही येतो.

त्या सकाळी वांगी तोडताना तुमच्या हातातलं वांगं गळून पडलं. उचलायला वाकलात, तर हात हलेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बुलढाण्याला नेताना तुम्ही सारखं माझ्याकडे बघत होतात. काय सांगायचं होतं, बाई? आयुष्यभर तोंडाला विसावा नव्हता आणि तेव्हाच शब्द फुटेना.

तिथेही दंडाला पट्टा बांधला. आकडा मला कोणी सांगितला नाही. डोक्यातली नस फुटली, एवढंच कळलं. त्या दिवशी बाजार नव्हता. तुम्ही एकही टोपलं उचललं नव्हतं. वेगळ्या दिवशी तुमचं बीपी मोजलं गेलं ते असं.

बाजारात तुमच्या जागेवर आता एकजण लसूण घेऊन बसतो. माणूस चांगला आहे, पण मला तिकडे बघवत नाही.

उद्या बाजार नाही. उद्या मी एसटीने मोताळ्याला जाणार आहे, हातात काही न घेता. कोणी विचारलं तर सांगेन, बीपी मोजायला चालले. परत बोलावलं तर परत जाईन. गोळी लागली तर रोज घेईन, लपवणार नाही. हा शब्द देते तुम्हाला.

आज दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसावं लागेल, जमेल ना?" तुम्हाला ते कधीच जमलं नाही. मला जमेल, बाई. तुम्ही गेल्यापासून भाजीच्या गाडीत मी जाता-येता गप्पच असते.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा