टँकरच्या पाण्यातली धोंडी

माटुंगा, मुंबई
१० मे १९८६

प्रिय गुरम्मा,
अक्काची माया आणि आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा आता कुरकुरत नाही, सूनबाई जपते. आपला जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर आला, तरी लातूरचे नळ कोरडेच म्हणे? तुझी कंबर कशी आहे?

इथे करमणुकीला तोटा नाही. शनिवारी आंब्यांचं प्रदर्शन, रविवारी नाटक आणि पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत मराठवाड्याच्या दुष्काळासाठी मदतीचा कार्यक्रम. माझा बसवराजच सोसायटीचा चिटणीस आहे. तिथे बायकांना आपली पाऊस मागायची धोंडी मी शिकवायची म्हणे.

"आई, वरून पाइपनं पाऊस पाडू. खास टँकर मागवलाय. झकास दिसेल!"

"मग तो टँकरच लातूरला धाड की!"

"तिथं पोचेपर्यंत वाफ होईल त्याची," तो म्हणाला. जमलेल्या बायका हसल्या. मला शिसारी आली गं.

लहानपणी हाच अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून पावसासाठी धोंडी झाला होता. दारोदार लोकांनी पिण्याचं पाणी त्याच्यावर ओतलं. तू तर माठ रिकामा केलास आणि रात्री तहानलेली झोपलीस. त्याला यातलं काही आठवत नाही.

मी शिकवणार नाही म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मला इथे राहायचं नाही. तुझ्याकडे येऊ का? पाण्याला एक माणूस वाढेल, म्हणून विचारते.

तुझीच,
अक्का